मोठ्यात की लहानात

व्हॉल्व्हवर साचलेली धूळ तापू लागली की एक वास सुटतो. तुमच्या घरी जुना रेडिओ असेल तर तो तुमच्याही ओळखीचा असणार. सकाळच्या बातम्यांआधी, आवाज फुटायच्याही आधी, काचेमागचा हिरवा डोळा अजून पुरता उघडला नसताना येणारा. आधी धुळीचा करपट वास, मग जरा वेळाने ट्रान्सफॉर्मरमधल्या मेणाचा मऊ, गोडसर वास, आणि आमच्याकडे त्यात मिसळलेला राळेचा धूर, कारण अण्णांचं सोल्डरिंग पूजा आटोपली की लगेच सुरू होई आणि देव्हाऱ्यातली उदबत्ती तेव्हा अजून अर्धीच जळलेली असे. अण्णांना जाऊन आता खूप वर्षं झाली, गिरगावातली ती चाळही राहिली नाही, पण तो वास मला कधीही, कुठेही आठवता येतो, लोकलच्या गर्दीतसुद्धा. आवाज आठवायला मात्र थोडं थांबावं लागतं, आणि आज मला तुमच्याशी आवाजाबद्दलच बोलायचं आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मूळचे वेंगुर्ल्याचे. दिवसा लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात ते रेडिओ दुरुस्त करत, आणि सकाळ-संध्याकाळ घरी, गॅलरीच्या टोकाला मांडलेल्या फळीवर, लोकांचे अँप्लिफायर. गणपतीच्या दिवसांत मंडळांच्या भोंग्यांचे अँप्लिफायर येत आणि झटपट बरे होऊन परत जात, पण अण्णांचा जीव होता तो गिटारच्या अँपमध्ये. बाहेरचा अँप त्या काळी मिळणं दुरापास्त; जहाजावरच्या कुणाकडून एखाद्याच्या हाती लागला तर लागला, नाहीतर वाजवणाऱ्यांनी इथेच कुणाकडून तरी बांधून घ्यायचा. बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले होते, आणि त्यांतला ईएल ८४, बोटभर उंचीचा, नऊ पिनांचा, एरवी रेडिओग्राममध्ये निमूट बसणारा, तोच इंग्लंडातल्या व्हॉक्सच्या एसी १५ या १५ वॉटच्या गिटार अँपमध्ये जोडीने बसवलेला असे. अण्णांनी तो नकाशा कुठल्याशा पुस्तकातून बटर पेपरवर उतरवून घेतला होता. रेघा इतक्या सरळ, आणि प्रत्येक जोडाच्या ठिकाणी इतकं नेटकं टिंब, की आई तो कागद उदबत्तीच्या ठिणगीपासून जपायची.

त्या नकाशावरून त्यांनी खोताच्या वाडीतल्या एका अंकलना अँप बांधून दिला. अंकल बार्देशातले, फिल्मच्या रेकॉर्डिंगला वाजवत, रविवारी चर्चमध्ये, आणि गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर मांडवामांडवांतून. त्यांची कोकणी आणि अण्णांची मालवणी एकमेकींत अशा मिसळून जात की कोण कुठल्या भाषेत बोलतंय याचा पत्ता लागत नसे. अंकल पेटी घेऊन जिना चढले की आधी त्यांची धाप ऐकू यायची, मग पेटी गॅलरीच्या फरशीवर टेकल्याचा धप्प आवाज, आणि मग त्यांनी काही सांगायला तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणायचे, "आदी वाजव. मगे बघूया."

आणि वाजवून झालं की एकच प्रश्न. अंकलच नव्हे, कुणीही येवो, अण्णांचा प्रश्न ठरलेला: "मोठ्यात फाटतो की लहानात?"

या प्रश्नात किती मोठी विद्या होती हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून ती तुम्हाला सांगावीशी वाटते. आउटपुटला दोन व्हॉल्व्ह असतात आणि ते आवाज वाटून घेतात. लाट वर जाते तेव्हा एकाने ओढायचं, खाली येते तेव्हा दुसऱ्याने, आणि दोघांचं काम ट्रान्सफॉर्मरमध्ये एक होऊन स्पीकरकडे जातं. पण मधोमध, जिथे एक थांबतो आणि दुसरा उचलतो, तिथे दोघांनीही थोडा वेळ हात लावून ठेवायचा असतो. व्हॉल्व्हमधून मुळातच कमी करंट वाहत असला तर ती अदलाबदल कोरडी होते आणि मध्ये एक खाच पडते. मोठा आवाज त्या खाचेवरून सहज निघून जातो, पण लहान आवाज जगतोच त्या मधल्या जागेत, म्हणून तो तिथे खरवडून निघतो. असा अँप जोरात वाजवला की चांगला वाटतो आणि सूर विझत जाताना, अगदी शेवटी, किरकिरतो. तो लहानात फाटणारा. मोठ्यात फाटणारा वेगळा: हळू वाजवलं की स्वच्छ, जोर दिला की आधीच दमून पडणारा. तिथे एखादा व्हॉल्व्ह थकलेला असतो, नाहीतर त्याला मिळणारे व्होल्ट कमी पडत असतात. मांडवातल्या लांबच लांब वायरीवरून येताना वीजच क्षीण झालेली असे, आणि अशा वेळी अण्णा अँप न उघडताच परत देत.

जाड तार छेडायची आणि सोडून द्यायची, पुरती विझेपर्यंत, हा त्यांचा नेम होता. बोलायचं नाही, तारेला हात लावायचा नाही. शेजारच्या बिऱ्हाडातला नळ, खालच्या बोळातला बर्फवाला, ट्रामच्या जुन्या रुळांवरून जाणारी हातगाडी, सगळं त्या वेळात कानावर यायचं आणि त्या सगळ्याच्या मधून अण्णा त्या एका सुराचं शेपूट धरून बसलेले असायचे, मान जराशी डावीकडे, डोळे गॅलरीच्या कठड्यावरच्या तुळशीकडे लागलेले. कधी त्या सुराखाली दुसराच एक बेसूर आवाज ऐकू यायचा, वाजवणाऱ्याने न वाजवलेला. तेव्हा फिल्टरचे कंडेन्सर सुकलेले असत आणि विजेची सेकंदाला १०० हेलकाव्यांची गुणगुण सुरात कालवली जात असे. कधी जोरदार ठोक्यानंतर अँप क्षणभर घुसमटायचा आणि मग श्वास घेऊन परत बोलायचा. अण्णा या प्रत्येकाला मान हलवून ओळख द्यायचे, जुना माणूस भेटल्यावर द्यावी तशी.

एका पावसाळ्यातलं दुखणं मला सगळ्यात नीट आठवतं. अंकलची तक्रार अशी की पहिली तीन-चार गाणी सुरेख जातात, मग आवाज हळूहळू फाटायला लागतो, आधी मोठ्यात, मग लहानातही, आणि दोन्ही एकदम फाटतात म्हणून ते घाबरले होते. अण्णांनी आधी स्पीकर बदलून पाहिला. स्पीकरच्या कागदावर दोन्ही हातांची बोटं पसरून तो अगदी हळू, सगळीकडून सारखा आत दाबायचा आणि आत कुठे घासतंय का ते ऐकायचं, ही त्यांची पहिली पायरी, कारण निम्मी दुखणी अँपची नसतातच असं त्यांचं म्हणणं. स्पीकर निर्दोष निघाला. मग चेसिस पेटीतून बाहेर आली, उलटी होऊन फळीवर बसली, स्क्रू आईच्या टवका उडालेल्या बशीत गेले, आणि अण्णांचा डावा हात पाठीमागे गेला.

तो हात मला अजून दिसतो. लेंगा, बाहीचा बनियन, उजव्या हातात मीटरची लाल सुई आणि डावा हात मुठीत मिटून कमरेवर, शिक्षा झालेल्या पोराने ठेवावा तसा नव्हे, तर सवयीने, निवांत. आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात. दोन्ही हात आत गेले तर वीज छातीतून जाते. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ती साठून राहते, म्हणून काम संपलं की एका रेझिस्टन्सला जोडलेल्या वायरीने ते आधी रिकामे करायचे, आणि रिकामे झाले की मला म्हणायचे, "आता ये." तोवर उंबरठ्याच्या आत उभं राहायचं हा माझा नेम.

अँप चालू करून ठेवला. अर्धा तास काहीच झालं नाही. पाऊस पडत होता, गॅलरीला ताडपत्री लावलेली होती, आईने चहा दिला आणि तो अण्णांच्या बाजूला निवत गेला. मग त्यांनी गॅलरीतला दिवा मालवला. दोन व्हॉल्व्हांपैकी उजवीकडचा नेहमीसारखा होता, आत फक्त हीटरची नारिंगी रेघ. डावीकडच्याच्या करड्या पत्र्यावर मात्र एक लाल डाग उमटला होता, आधी पुसट, मग मोठा होत गेलेला, आणि त्याच वेळी तापलेल्या बेकेलाइटचा तो मासळीच्या अंगाने जाणारा वास. तो वास अण्णांच्याही आधी आईला यायचा. "अहो, बंद करा आधी," ती आतूनच म्हणाली, आणि अण्णांनी बंद केला.

कुणीही म्हटलं असतं, व्हॉल्व्ह गेला, नवा घाला. अण्णांनी तो गार होऊ दिला, फडक्यात धरून उपसला, आणि दोन्ही व्हॉल्व्हांच्या जागांची अदलाबदल केली. पुन्हा अर्धा तास, पुन्हा अंधार. लाल डाग पुन्हा डावीकडेच. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हता, तो ज्या जागी बसला होता त्या जागेचा होता. तेव्हा त्यांनी डावीकडचा व्हॉल्व्ह काढूनच ठेवला, रिकाम्या सॉकेटच्या दोन नंबरच्या पिनेला मीटर लावलं. तिथे काटा शून्यावर बसायला हवा. तो बसला होता, आणि मग सगळं तापत गेलं तसा निघाला, इतक्या संथपणे की तो हलतोय की आपले डोळे, ते कळेना; एक व्होल्ट, दोन, चार.

पिनेच्या अलीकडे एक कंडेन्सर होता, मेणात बुडवलेला, कागदाचा. आवाज जाऊ द्यायचा आणि पलीकडचे दीड-दोनशे व्होल्ट अडवायचे, एवढंच त्याचं काम. मुंबईच्या दमट हवेत कागदाने ओल धरली होती, गार असताना तो तग धरत होता आणि तापला की थेंबथेंब गळत होता. त्या गळतीने डावीकडचा व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढत होता. आणि दोघांच्या खाली एकच रेझिस्टन्स असल्यामुळे, त्याच्यावरचे एरवीचे दहा-अकरा व्होल्ट वर चढत होते आणि उजवीकडच्या निरोगी व्हॉल्व्हची उपासमार करत होते. एक जळत होता, दुसरा कोरडा पडत होता, म्हणून आवाज मोठ्यातही फाटत होता आणि लहानातही. अण्णांनी दोन्ही कंडेन्सर बदलले. एक बिघडला की त्याच्या जोडीदारावर विश्वास ठेवायचा नाही असं ते म्हणत. जुना कंडेन्सर त्यांनी टाकला नाही, त्याला सुताने एक चिठ्ठी बांधली, तारीख आणि "तापल्यावर गळतो", आणि तंबाखूच्या डब्यात ठेवून दिला. अशा चिठ्ठ्या बांधलेल्या वस्तूंचा एक डबाच होता आमच्याकडे.

तुम्ही म्हणाल, फाटका आवाज नकोच असतो तर मग गिटारवाले तो मुद्दाम का मागतात? हा प्रश्न अण्णांनाही छळत असे. अंकलनीच त्यांना सांगितलं होतं की १९६४ मध्ये इंग्लंडात द किंक्स नावाच्या बँडमधल्या डेव्ह डेव्हीस या पोराने आपल्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्या फाटक्या आवाजात गाणं ध्वनिमुद्रित केलं. अण्णा बराच वेळ गप्प बसले. स्पीकर चिरणं त्यांच्या हातून कधीच झालं नसतं. पण त्यानंतर त्यांनी अंकलना अँपचा आवाज हळूहळू वर न्यायला सांगितला, पार टोकापर्यंत, आणि स्वतः कठड्याला टेकून ऐकत राहिले. निरोगी जोडी जेव्हा आपल्या मर्यादेला येते तेव्हा ती एकदम तुटत नाही. आवाजाच्या कडा आधी लालसर होतात, तूप कढताना बेरी धरायला लागते तशा, आणि मग तो सूर दाट होतो, लांबतो, वाजवणाऱ्याच्या बोटाला उत्तर देतो. अण्णांचा निवाडा त्या दिवशी झाला आणि पुढे कधी बदलला नाही. दोघं मिळून फाटले तर तो आवाज आहे, एकटा फाटला तर ते दुखणं आहे.

मी हा निवाडा मानते. आजही एखाद्या दुकानाच्या दारातून, एखाद्या मुलाच्या खोलीतून गिटारचा आवाज आला की मी नकळत थांबते आणि शेपूट ऐकते. पण मला त्यात फार थोडं कळतं. अण्णांना जे कळायचं ते त्यांच्याबरोबर गेलं, आणि ते जाणं एका दिवसात झालं नाही. आधी वरचे बारीक आवाज गेले, किरकिर त्यांना ऐकू येईनाशी झाली. मग ते पेटीच्या सागवानी फळीवर बोटं टेकवून बसायला लागले. अंकल वाजवायचे, अण्णा बोटांनी ऐकायचे, आणि प्रश्न विचारायचा तो आता माझ्याकडे वळून विचारायचे. मी सांगायचे, लहानात. ते मान हलवायचे. मग अंकल गोव्याला परत गेले, मग अण्णांचा हात कापायला लागला आणि सोल्डरचा थेंब नको तिथे पडू लागला, आणि एका सकाळी पूजा आटोपून ते फळीकडे न जाता खाटेवर जाऊन बसले. त्यानंतर राळेचा वास आमच्या घरात आला नाही.

अँप खोताच्या वाडीतच होता. अंकल गोव्यात वारले आणि घर रिकामं करताना त्यांच्या माणसांनी तो भंगारवाल्याला दिला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं तेवढं विकलं गेलं असेल, जे अण्णांनी वाइंडरच्या समोर बसून, एकेक थर मोजत गुंडाळून घेतलं होतं. त्या माणसांचा मला राग नाही. ती पेटी कोणाची होती हे सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. माझ्याकडे अण्णांचं मीटर आहे. त्याचा काटा आता शून्याच्या जरा अलीकडेच थांबतो. चिठ्ठ्यांचा डबाही आहे. मेण सुकून कागद पिवळे पडलेत, पण अक्षर वाचता येतं: "तापल्यावर गळतो", "हलवल्यावर बोलतो", "बरा आहे, ठेवावा".

ईएल ८४ अजून बनतो, बरं का. बंगळूरला नाही, रशियात सारातोव्हला आणि स्लोव्हाकियात चाडत्साला. गिटार वाजवणारी मुलं तो बाहेरून मागवतात, आणि कधी कुणाच्या ओळखीने एखादं पोर माझ्याकडे येऊन विचारतं की मावशी, तुमच्याकडे जुने व्हॉल्व्ह आहेत का. होते तेवढे मी देऊन टाकले. माझ्यापाशी आता देण्यासारखं उरलंय ते एवढंच, आणि ते तुमच्यासाठीही आहे, तुमच्या माळ्यावर कुणी बांधलेला असा एखादा अँप पडून असेल तर. तो थेट प्लगला लावू नका. आधी स्पीकर जोडा, कारण स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तो पुन्हा गुंडाळून देणारं आता सहजी भेटत नाही. १०० वॉटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावून मग चालू करा. बल्ब आधी उजळून मग मंद झाला तर ठीक, तसाच भगभगत राहिला तर लगेच बंद करा आणि जाणत्याला बोलवा. तो आला की त्याला सांगा, डावा हात पाठीमागे. आणि पॉवर व्हॉल्व्हच्या अलीकडचे ते दोन कागदी कंडेन्सर चांगले दिसत असले तरी, मीटरवर चांगले निघाले तरी, बदलायला सांगा, दोन्ही, एकाच वेळी. नवे घ्याल ते ६३० व्होल्टचे घ्या. त्याहून कमीचे अण्णा कधी लावत नसत.